अंतराळातून मायक्रोवेव्हने वीज खाली आणली तर तब्येत, पाखरं, शेती यांचं काय होईल?

संत्राबाग_काटोलरोड

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या जाणकारांना एक विचारायचं होतं. सध्या मोबाइलवर त्या अंतराळातल्या सोलर विजेचे व्हिडिओ खूप फिरून राहिलेत. म्हणजे ३६ हजार किलोमीटर वर मोठ्ठे पॅनल लावायचे, तिथे ढग नाही, रात्र जवळपास नाहीच, आणि तयार झालेली वीज मायक्रोवेव्ह करून जमिनीवर सोडायची, खाली एक जाळीसारखा अँटेना असते तो पकडून परत वीज करते. जपान, चीन, अमेरिका, युरोप सगळेच यावर काम करून राहिले म्हणे. त्या व्हिडिओच्या खाली कॉमेंटमध्ये कोणी लिहिते पाखरं भाजून पडतील, कोणी लिहिते कॅन्सर होईल, कोणी म्हणते काहीच होत नाही वायफायसारखंच आहे. खरं काय समजत नाही.

माझ्या सासऱ्यांना पेसमेकर आहे म्हणून ते जास्तच घाबरले. आणि आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराला फुलं लागली की मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो, तर माझ्या डोक्यात माश्यांचाही प्रश्न आहे. आपल्याकडे मोकळी जमीन आहे, ऊन आहे, देशाच्या मधोमध आहो, उद्या असं काही आलंच तर इथेच येईल असं वाटते. दुसरीकडे असंही वाटते की कोळशाची राख आपण सगळे इतकी वर्षं खाऊनच राहिलो नं, मग हे त्याच्यापेक्षा वाईट कसं असेल. कृपया नीट समजावून सांगा, लिंक नको, तुमच्या शब्दात सांगा.

पॉलिटेक्निकचे_मास्तर

ताई, आधी बीमचं सांगतो कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. लोकांच्या डोक्यात भिंगाचं चित्र असते, ऊन एका ठिकाणी गोळा करून कागद जाळायचा तसं. इथे ते होऊच शकत नाही, आणि हे कंपनीच्या चांगुलपणावर अवलंबून नाही, लहरीच्या लांबीवर आहे. २.४५ गिगाहर्ट्झची लहर साधारण सव्वाबारा सेंटीमीटरची असते. ती ३६ हजार किलोमीटरवरून सोडली तर वरचा अँटेना एक किलोमीटर व्यासाचा असला तरी खाली येईपर्यंत बीम दहा-अकरा किलोमीटर रुंद होतेच. त्याला एका गावावर, एका घरावर रोखायचं म्हटलं तर वरचा अँटेना आणखी कितीतरी पट मोठा बांधावा लागेल, आणि तो लपून बांधता येत नाही.

पीटर ग्लेसर यांनी ही कल्पना १९६८ ला मांडली. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मिळून तिचा मोठा अभ्यास केला आणि एक नमुना डिझाइन काढलं, आजही सगळे आकडे फिरून फिरून तिथेच येतात. एक सॅटेलाइट, ५ गिगावॅट वीज, आणि जमिनीवर १० बाय १३ किलोमीटरची लंबगोल जाळी, तिला रेक्टेना म्हणतात. १३ चा आकडा ३५ अक्षांशासाठी आहे, आपण २१ वर आहो तर इथे ती थोडी गोल होईल. बीमच्या मधोमध चौरस सेंटीमीटरला २३ मिलीवॅट, म्हणजे चौरस मीटरला २३० वॅट. दुपारचं ऊन चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास असते.

पण लगेच "उन्हापेक्षा कमी, मग संपला विषय" असं म्हणू नका, कारण ऊन चामडीवर थांबते आणि या फ्रिक्वेन्सीच्या मायक्रोवेव्ह एक-दोन सेंटीमीटर आत जातात. आणि तो २३ चा आकडा माणसाकडे किंवा पाखराकडे पाहून ठरवलेलाच नव्हता! वरचा आयनोस्फिअर, म्हणजे हवेचा विद्युतभार असलेला वरचा थर, तापून रेडिओचा गोंधळ होऊ नये म्हणून ती मर्यादा धरली होती. माणसाच्या बाजूने पाहायचे आकडे दुसरे आहेत. जाळीच्या काठावर १ मिलीवॅट, आणि त्याच्या बाहेर रिकामा पट्टा सोडून कुंपणाशी ०.१ मिलीवॅट.

आता तुलना करा. अशा लहरींपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, आयसीएनआयआरपीची, सामान्य लोकांसाठीची मर्यादा या फ्रिक्वेन्सीला चौरस मीटरला १० वॅट आहे, म्हणजे तोच काठावरचा १ मिलीवॅट. आपल्या सरकारने २०१२ मध्ये मोबाइल टॉवरसाठी ती दहाव्या हिश्श्यावर आणली होती, म्हणजे १ वॅट. ती मर्यादा धरली तर भारतात हे बांधताना कुंपण जाळीच्या काठाला लावून चालणार नाही, ०.१ च्या रेषेवर लागेल, आणि तो मधला पट्टा कोणाच्या शेतातून जाते हा प्रश्न बीमच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

बीम सरकली तर काय, हेही लोक विचारतात. जाळीच्या मधोमधून एक पायलट सिग्नल वर पाठवतात आणि वरचे लाखो छोटे अँटेना त्या सिग्नलवर आपापली फेज, म्हणजे लहरींचा ताल, जुळवतात. सिग्नल तुटला की फेज विस्कटते आणि बीम पसरून फिकी होते. कागदावर हे पक्कं आहे, पण या आकारात अजून कोणी करून दाखवलेलं नाही. आतापर्यंतची मजल सांगतो, २०१५ ला जपानच्या अंतराळ संस्थेने, जाक्साने, १.८ किलोवॅट ५५ मीटरवर पाठवले, आणि २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या छोट्या यंत्राने कक्षेतून पाठवलेली मायक्रोवेव्ह पॅसाडिनाला त्यांच्या छतावर पकडली, ती अगदी नावापुरती. तेव्हा सासऱ्यांना सांगा की उद्या काही येऊन नाही राहिलं.

डॉक्टर_धंतोली

मास्तरांनी आकडे बरोबर दिलेत, मी शरीराच्या बाजूने भर टाकतो.

मायक्रोवेव्हचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. सगळ्या मर्यादा त्याच्यावरच बेतल्या आहेत. पूर्ण शरीराने किलोमागे ४ वॅट शोषले की आतलं तापमान साधारण १ डिग्री वाढतं, मग कामगारांसाठी त्याचा दहावा भाग, सामान्य लोकांसाठी पन्नासावा. डोळ्याच्या भिंगाला आणि वृषणांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे उष्णता तिथून लवकर निघत नाही, म्हणून जास्त ताकदीच्या मायक्रोवेव्हने मोतीबिंदूचा धोका असतो. कॅन्सरचं म्हणाल तर २०११ ला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, रेडिओलहरींना २बी गटात टाकलं, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा तोकडा. ते प्रामुख्याने डोक्याला लावून वापरायच्या मोबाइलच्या अभ्यासावरून होतं. कुंपणाबाहेर ०.१ मिलीवॅटमध्ये एखादं गाव पिढ्यानपिढ्या चोवीस तास राहिलंय अशी परिस्थिती जगात अजून कुठे आलेलीच नाही, त्यामुळे "पूर्ण सुरक्षित" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर मी मान डोलावणार नाही. पण "भाजून निघतील" हेही तितकंच चूक आहे.

मला जास्त काळजी कुंपणाच्या आतल्या माणसाची वाटते, ज्याच्याबद्दल या व्हिडिओंमध्ये कोणी बोलत नाही. कामगारांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला ५० वॅट. जाळीच्या मधोमध वरच्या बाजूला २३०. म्हणजे चौपटीहून जास्त. जाळीच्या खाली फारसं काही पोहोचत नाही, खाली उभं राहून काम करता येईल, पण तुटलेला भाग बदलायला, पक्ष्यांची घाण साफ करायला, वादळानंतर वर चढावंच लागेल. तेव्हा बीम बंद करा, नाहीतर माणसाला धातूच्या जाळीचा सूट घाला. आता आपला मे महिना डोळ्यासमोर आणा, ४५-४६ डिग्री, लू चालू आहे, आणि कंत्राटी पोरगा त्या सूटमध्ये. मायक्रोवेव्हने नाही तर उष्माघाताने जाईल. दरवर्षी उन्हाळ्यात बांधकामावरचे लोक कोणत्या अवस्थेत कॅज्युअल्टीत येतात ते आम्ही पाहतो, १०६ ताप, घाम थांबलेला, बोलणं असंबद्ध. या मर्यादा ठरवताना गरम हवामानाचा काहीसा विचार केलेला असतो, पण आधीच तापलेल्या शरीरावर आतून येणारी उष्णता हा नागपूरसाठी वेगळा तपासायचा विषय आहे आणि तो इथेच तपासला पाहिजे.

पेसमेकरचं खाली लिहितो, पेशंट आलेत.

राऊटर_रीस्टार्ट

एक विचारतो, २.४५ म्हणजे वायफाय ब्लूटूथवालाच बँड आहे नं? मग आजूबाजूच्या सगळ्या गावातलं नेट बसलंच समजायचं का?

पॉलिटेक्निकचे_मास्तर

हो, तोच मोकळा बँड आहे आणि म्हणूनच आता बरेच लोक ५.८ गिगाहर्ट्झ म्हणतात, पण तोही मोकळाच. ऊर्जेची बीम एकाच बारीक फ्रिक्वेन्सीवर असते, तरी जवळपासच्या रिसीव्हरला त्रास होईल. त्याहून नाजूक म्हणजे रेडिओ दुर्बिणी, आपल्या राज्यातच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ती फार क्षीण सिग्नल ऐकते. ५ गिगावॅटच्या ट्रान्समीटरमधून इकडेतिकडे सांडलेला नगण्य हिस्सासुद्धा तिच्यासाठी आरडाओरडा आहे. आणि नागपूरच्या डोक्यावरून उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असे विमानांचे मार्ग क्रॉस होतात. विमानाचं अंग धातूचं आहे, आतल्या प्रवाशाला काही होत नाही, तरी विमानांना तो भाग टाळायला सांगतीलच.

गोरेवाड्याचा_पक्षीवाला

पाखरांचा प्रश्न मी मनापासून घेतो, कारण त्यावर सगळेच दोन वाक्यात बोलून मोकळे होतात.

पाखरू जाळीवरून सरळ उडून गेलं तर दहा किलोमीटर पार करायला त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. हिवाळ्यात पट्टकादंब येतात आपल्या तलावांवर, ते असे सरळ जाणारे, सकाळच्या गार हवेत, त्यांना मधल्या भागात थोडी ऊब लागेल आणि बहुतेक ते पुढे निघून जातील. पण घार, गरुड, गिधाड यांचं उडणं तसं नसते. ते उन्हाने तापलेल्या हवेच्या खांबावर पंख पसरून तासतासभर एकाच जागी घिरट्या घालतात. आणि एवढी मोठी जाळी तापली की तिच्यावर असे खांब तयार होणारच, म्हणजे नेमकं जिथे बीम सगळ्यात जास्त तिथेच ते जाऊन फिरतील. शिवाय उन्हाळ्यात पाखराला घाम नसते, चोच उघडून धापा टाकूनच ते अंग थंड करते. मे महिन्यात दुपारी झाडाखाली चोच उघडी ठेवून बसलेला कावळा सगळ्यांनी पाहिला असेल. त्याच्याजवळ आणखी उष्णता बाहेर टाकायला जागाच नाही. २३ मिलीवॅट डिसेंबरच्या पाखराला आणि मेच्या पाखराला सारखे नाहीत. मला तर वाटते आपल्याकडे एप्रिल ते जून बीमची मधली ताकद कमी ठेवायची अट टाकावी, वीज कमी मिळाली तरी चालेल.

मधमाश्यांचं ताई, त्या अमेरिकन अभ्यासाच्या काळात खरंच प्रयोग झाले होते. १९८१ ला छापलेल्या एका प्रयोगात माश्यांना २.४५ गिगाहर्ट्झमध्ये ३ ते ५० मिलीवॅटला अर्धा तास ठेवलं आणि मग सोडलं, पोळ्यावर परत येण्यात, दिशा ओळखण्यात फरक दिसला नाही. माशीचं अंग लहरीच्या मानाने फारच लहान, त्यामुळे ती शोषतेही कमी. कुंपणाबाहेरच्या तुमच्या पेट्यांना यातून धोका दिसत नाही. पण अर्धा तास ठेवणं वेगळं आणि पूर्ण बहारभर पेटी तिथेच असणं वेगळं, तेव्हा जाळीच्या खाली शेती करा म्हणून कोणी सांगायला आलं तर आधी दोन हंगाम माश्या ठेवून दाखवा म्हणा. जाळीतून बरंचसं ऊन खाली येते म्हणून पीक घेता येईल असं ते सांगतात, संत्र्याला परागीभवन लागते हे कोणी सांगत नाही.

सिंदेवाहीचा_भाऊ

मले वाटते सगळे बीमच्या मागे लागले आणि खरी गोष्ट राहून राहिली. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला. २०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिल, संध्याकाळी पावणेआठ-आठची वेळ, आकाशातून जळत जाणारे लाल-पिवळे पट्टे तुम्ही नागपूरवाल्यांनी पण पाहिले असतील, आमच्याकडे सगळे बाहेर येऊन उभे होते. नंतर समजलं लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली, मग आजूबाजूच्या शिवारात गोळे सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे तुकडे असावेत असं जाणकारांनी सांगितलं. मी जाऊन पाहिली ती रिंग, माणसापेक्षा उंच, कडा काळ्या पडलेल्या, पोरं हात लावून पाहत होती आणि कोणाले माहीत नव्हतं की त्याच्यावर विषारी इंधनाचं काही लागलेलं आहे का. नशीब की घरावर नाही पडली.

आता हे एका रॉकेटचं. नासाने २०२४ च्या जानेवारीत जो रिपोर्ट काढला त्यात २ गिगावॅटच्या सॅटेलाइटचं वजन एका डिझाइनमध्ये ५९०० टन आणि दुसऱ्यात १० हजार टन धरलं आहे. स्पेस स्टेशन सव्वाचारशे टनाच्या आसपास आहे. म्हणजे चौदा ते चोवीस स्पेस स्टेशन, आणि एवढी वीज म्हणजे फक्त कोराडीच्या कोळशाच्या वीज केंद्रातल्या ६६० मेगावॅटच्या तीन युनिटइतकी! त्यासाठी हजारो उड्डाणं लागतील, आणि असा एकच सॅटेलाइट लावून कोणी थांबणार नाही.

उड्डाणाचा धूर आपल्या चिमणीच्या धुरासारखा पावसाने धुऊन निघत नाही. केरोसिनवाल्या रॉकेटची काजळी थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या ओझोनच्या थरात जाते, तिथे पाऊस नाही, ती वर्षं-वर्षं राहते आणि ऊन शोषून तो थर तापवते. २०२२ ला अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मॉडेल करून दाखवलं की वर्षाला १० हजार टन काजळी वर गेली तर तिथलं तापमान अर्धा ते २ डिग्री वाढू शकते आणि ओझोनवर परिणाम होतो. घन इंधनवाले असतील तर क्लोरीन आणि ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण, ते तर ओझोनचे सरळ वैरी. मिथेनवाल्यांची काजळी कमी असेल असं म्हणतात पण पाण्याची वाफ तेवढ्या उंचीवर सोडणं हेही काही साधं नाही. आणि खाली येताना जळून जाते म्हणून सांगतात त्याचं पुढे काय होते? २०२३ ला विमानातून नमुने घेऊन तपासलं तर स्ट्रॅटोस्फिअरमधल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या मोठ्या कणांपैकी १० टक्के कणांमध्ये सॅटेलाइट-रॉकेटचं ॲल्युमिनियम आणि दुसरे धातू सापडले. हे आजच्या उड्डाणांचं. जळून गेलं म्हणजे नाहीसं नाही झालं, आपल्याच हवेत बारीक होऊन बसलं.

ओझोन पातळ झाला तर उन्हात शेतात राबणारा माणूसच पहिला भोगणार, त्याले ना गॉगल ना क्रीम. मले बीमची भीती नाही, या गोष्टीची आहे.

महालची_सुनबाई

सिंदेवाहीच्या भाऊंचं पटते पण कोळशासमोर ठेवून पाहा नं. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेचा बांध फुटला, राखेचं पाणी शेतात, नाल्यात, नदीत गेलं, ते तर आत्ताचं आहे, उद्याचं नाही. आमच्या गच्चीवर वारा फिरला की पापडावर राखेचा थर बसते. मला त्याच्यापेक्षा वरून येणारी स्वच्छ वीज बरी वाटते.

पॉलिटेक्निकचे_मास्तर

सुनबाई, तुमचा राग रास्त आहे. नासाच्या त्याच २०२४ च्या रिपोर्टमध्ये एका युनिटमागे सगळं धरून २६ आणि ४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असे दोन डिझाइनचे आकडे आहेत, कोळशाला ९०० च्या वर जाते. कोळशासमोर अंतराळातली वीज जिंकते, वादच नाही. पण जमिनीवरच्या सोलरसमोर जवळपास बरोबरीत आहे, आणि खर्च युनिटला ६१ सेंट ते १.५९ डॉलर, म्हणजे ५० रुपयांच्या वरच. आणि ग्रॅमच्या आकड्यात भाऊंनी सांगितलेली काजळी कोणत्या उंचीवर सुटली हे दिसत नाही.

जागेचं मात्र प्रामाणिकपणे सांगतो, कारण तिथे अंतराळवाली खरंच पुढे आहे. १० बाय १३ ची लंबगोल जागा म्हणजे १०० चौरस किलोमीटर, नागपूर महापालिकेच्या हद्दीच्या जवळपास निम्मी. त्याच जागेत साधे पॅनल लावले तर मेगावॅटला चार-पाच एकर धरून ५ हजार मेगावॅटच बसतात, पण रात्र, पावसाळा, सकाळ-संध्याकाळ सगळं धरलं तर सरासरी हजारच हाती येतात. अंतराळवाली ५ हजार रात्रंदिवस देईल. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास तेवढे काही आठवडे मध्यरात्री सॅटेलाइट पृथ्वीच्या सावलीत जाते, ते जास्तीत जास्त ७० मिनिटांच्या आसपास. म्हणून कलाम सरांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल स्पेस सोसायटीसोबत हा विषय उचलून धरला होता, त्यांची तळमळ खरी होती. तरी माझं मत असं की आज कोळसा बंद करायला यासाठी थांबायचं कारण नाही. छतावर पॅनल, बॅटरी, हे आत्ता होते, आणि त्याने राख आत्ता कमी होते.

संत्राबाग_काटोलरोड

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं मनापासून लिहिलं. सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांचे दोन प्रश्न आहेत, एक म्हणजे समजा कधी जनसुनावणी झालीच तर गावकऱ्याने नेमकं काय मागायचं, आणि दुसरा पेसमेकरचा, डॉक्टर साहेब ते राहिलं.

सिंदेवाहीचा_भाऊ

जनसुनावणीत तोंडी आश्वासनावर उठू नका. बांधायच्या आधी दोन वर्षं गावात मोजमाप करा, पाखरं किती, माश्या किती, रेडिओलहरी आत्ता किती, लोकांच्या डोळ्यांची तपासणी, नाहीतर नंतर म्हणतील आधीपासूनच असं होतं. कुंपणावर मीटर लावा आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दिसला पाहिजे, चोवीस तास. मोजणारा कंपनीचा नको, नीरीसारखी आपल्या नागपुरातली पर्यावरणाची सरकारी संस्था असावी. बीम बंद करायचं बटण दुसऱ्या देशात असेल तर करारात कोणाचं नाव आहे ते विचारा. आणि तीस वर्षांनी तो सॅटेलाइट निकामी झाला की त्याचं काय, वरच सोडणार की खाली आणणार आणि कोणाच्या डोक्यावर, हे लेखी घ्या.

डॉक्टर_धंतोली

उशीर झाला, माफ करा. पेसमेकरवर धातूचं कवच असतं आणि बाहेरच्या लहरी गाळायची सोय असते. कुंपणाशी ०.१ मिलीवॅट म्हणजे मीटरला १९-२० व्होल्टचं विद्युतक्षेत्र, तिथे त्रास होण्याची शक्यता मला कमी वाटते. मधोमध ते २९० च्या आसपास जातं, तिथे पेसमेकरवाल्याने पाय ठेवायचा नाही, आणि जाळीवर काम करणाऱ्यांची भरती करताना ही तपासणी सक्तीची हवी.

पण ताई, ही जाळी येईल तेव्हा येईल, त्यांच्या घरात आत्ता काय आहे ते आधी पाहा. मोबाइल शर्टाच्या खिशात पेसमेकरवर ठेवत असतील तर आजपासून बंद, सहा इंच लांब ठेवायचा आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा. इंडक्शन शेगडी असेल तर चालू असताना दोन फूट अंतर. बागेत स्प्रे पंपाचं इंजिन किंवा वेल्डिंग चालू असेल तर त्यांना तिथे उभं करू नका. आणि पेसमेकरचं कार्ड पाकिटात ठेवायला सांगा, पुढच्या चेकअपला सोबत आणा.